चीता-चेतक आणि ‘जुनं ते सोनं’वाला मेसेज

‘जुनं ते सोनं! वायुसेनेची चीता-चेतक हेलिकॉप्टरं बदलण्याचा घाट कोण घालतंय?’ या मथळ्याचा मेसेज तुम्हालाही आला असेल. खाली तिरंगा, हात जोडलेले इमोजी आणि सहा मुद्दे. अमेरिका १९६२ची हेलिकॉप्टरं उडवते, चीताच्या उंचीला कुणी पोचत नाही, अपघात पायलटांच्या चुकीनं होतात, पार्ट बदलले की मशीन नवं होतं, नवी खरेदी म्हणजे दलाली, आणि शेवटी खास सोलापूरकरांसाठी, तेवढ्या पैशात शहराला रोज पाणी येईल.

असले मेसेज मी वाचून सोडून देते. हा माझ्या मावशीकडे पोचला. पाठवला आमच्याच भावकीतल्या एका काकांनी, ज्यांचे अक्कलकोट रोडला माग आहेत. मावशीचा मुलगा वायुसेनेत टेक्निशियन आहे, हकिमपेठला, जिथं नवे पायलट चेतकवर शिकतात. तिनं रात्री साडेदहाला फोन केला. ‘अगं, यात लिहिलंय की अपघात पोरांच्याच हलगर्जीनं होतात. आपला नीट करतो ना गं काम?’ काका, हे उत्तर त्या फोनसाठी आहे. वाचा, आणि जिथं जिथं तो मेसेज ढकललात तिथं हेही ढकला.

सगळ्यात वाईट मुद्दा आधी घेते. ‘मशीन उत्तम आहे, आजकालची पोरं मोबाइलवर असतात, अपघात त्यांच्या चुकीनं होतात.’

५ ऑक्टोबर २०२२ला तवांगजवळ चीता पडलं, लेफ्टनंट कर्नल सौरभ यादव गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात चीता पडलं, मेजर संकल्प यादव गेले. १६ मार्च २०२३ला अरुणाचलात मंडला भागात चीता पडलं, लेफ्टनंट कर्नल व्ही. व्ही. बी. रेड्डी आणि मेजर ए. जयंत गेले. ही तिन्ही लष्कराची, पण मशीन तेच. यातला कोण मोबाइलवर होता, सांगा ना काका. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं एक नाव तरी माहीत होतं का?

आता ‘चूक’ म्हणजे काय ते बघू. चौकशी अहवालात ‘मानवी चूक’ असे दोन शब्द येतात आणि आपण समजतो की पोरगा झोपला होता. डोंगरात ढग अचानक खाली उतरतात. बाहेर सगळं पांढरं. अशा वेळी कानातला तोल माणसाला फसवतो. हेलिकॉप्टर कलंडत असतं आणि पायलटला वाटतं आपण सरळ चाललोय. ही माणसाच्या शरीराची मर्यादा आहे, शिस्तीचा तिच्याशी संबंध नाही. म्हणूनच नव्या हेलिकॉप्टरांत ऑटोपायलट असतो, तो मशीन सरळ धरून ठेवतो आणि पायलटला विचार करायला चार क्षण देतो. पडद्यावर हलता नकाशा असतो, हवामानाचा रडार असतो, समोर डोंगर आला तर ओरडणारी यंत्रणा असते. चीताच्या मूळ कॉकपिटमध्ये यातलं काय आहे? काटे असलेली गोल घड्याळं. बाकी भिस्त दोन डोळ्यांवर. शिवाय इंजिन एकच. ते खोकललं तर खाली सपाट जागा शोधायची, आणि हिमालयात सपाट जागा कुठून आणायची?

मग सांगा, ती चूक नेमकी कुणाची? चालवणाऱ्याची, की १९६०च्या दशकातल्या आराखड्यावर त्याला २०२३ मध्ये ढगात पाठवणाऱ्यांची? २०१४च्या ऑक्टोबरमध्ये बरेलीला चीता पडून तीन अधिकारी गेले, त्यानंतर लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका एकत्र आल्या आणि ही हेलिकॉप्टरं थांबवा म्हणून थेट संरक्षणमंत्र्यांपर्यंत गेल्या. मंत्री तेव्हा मनोहर पर्रीकर होते. त्या बायकांना मशीनमधलं कळत नव्हतं असं म्हणायची काकांची हिंमत असेल, तर त्यांनी ते मावशीसमोर येऊन म्हणावं.

मेसेजमध्ये याच मुद्द्याला कुन्नूरचा अपघात जोडलाय. ‘बिपीन रावत तर नव्या हेलिकॉप्टरात होते, तेही पडलंच ना?’ हो, पडलं. ८ डिसेंबर २०२१चं ते एमआय-१७ व्ही५ जुनं नव्हतं, आणि चौकशीत निघालं ते अचानक बदललेलं हवामान आणि ढगात दिशेचं भान जाणं. नवीही पडतात हे नाइलाजानं मान्य करते. आपलं स्वतःचं, इथंच बनलेलं ध्रुव हेलिकॉप्टर घ्या. ५ जानेवारी २०२५ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडून तिघं गेले आणि देशभरातली ध्रुव महिनोन्‌महिने जमिनीवर बसवली गेली. पण हा दाखला मेसेजवाल्याच्या बाजूचा नाही, उलटा आहे. सगळी ध्रुव एका दमात थांबवता आली, तपासता आली. चीता-चेतक तशी थांबवता येत नाहीत, कारण ती थांबली तर उंचावरच्या चौक्यांवर रॉकेल कोण नेणार?

याला लागूनच उंचीचा मुद्दा येतो. ‘चीताचा विश्वविक्रम आहे, त्याच्या उंचीला कुणी पोचत नाही.’ अर्धं खरं आहे. चीता म्हणजे फ्रान्सचं लामा हेलिकॉप्टर, आपल्या एचएएलनं, म्हणजे सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्स कंपनीनं, परवान्यावर बनवलेलं. मुळात ते आपल्याच उंच डोंगरांच्या गरजेवरून घडलं, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. सियाचीनवर १९८४च्या एप्रिलमध्ये जवान उतरवले ते याच चीतांनी. त्या मशीनचं ऋण कुणी नाकारत नाही. आणि विक्रमही खरा आहे, २१ जून १९७२ला जाँ बूले नावाचा फ्रेंच पायलट लामा घेऊन १२,४४२ मीटरवर गेला.

पण पुढचं मेसेजमध्ये नाही. त्या लामातलं काढता येण्यासारखं सगळं काढून ते हलकं केलं होतं. आणि वर पोचल्यावर इंजिन विझलं ते पुन्हा लागलंच नाही. बूले बंद इंजिननं, नुसत्या फिरत्या पात्यांच्या जोरावर खाली उतरला. कौशल्य अफाट. पण आपल्या जवानांसाठी रॉकेल घेऊन जाणाऱ्या मशीनच्या लायकीचा पुरावा म्हणून हा दाखला द्यायचा? सियाचीनच्या सगळ्यात वरच्या चौक्यांवर चीता जेमतेम एखादा जेरीकॅन घेऊन जातं, तो टाकतं आणि इंजिन बंद न करता परत फिरतं. तेवढंच वजन त्या हवेत पेलतं. राहिलं ‘कुणी पोचत नाही’. १४ मे २००५ला डिडिए देल्साल यानं एकुरय नावाचं फ्रेंच हेलिकॉप्टर थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं. त्याला वीस वर्षं झाली.

आता अमेरिकेचं चिनूक हेलिकॉप्टर. ‘१९६२ पासून उडतंय, त्यांना नाही घाई, तुम्हाला का?’ हे वाचून मला हसू आलं. चिनूक लष्करात आलं १९६२ला, बरोबर. पण आज उडतं ते एफ मॉडेल. नाव तेच, बाहेरून आकार तोच, आत डिजिटल कॉकपिट, इंजिनं कितीतरी दांडगी, आणि कारखाना अजून नवी नवी बनवतोय. २०१९च्या मार्चमध्ये चंदीगडला वायुसेनेत दाखल झालेली चिनूक याच मॉडेलची. कारचं नाव तेच राहिलं म्हणून कुणी आजोबांची गाडी चालवत नसतं.

आणि अमेरिकेचंच उदाहरण घ्यायचं तर पूर्ण घ्या. त्यांच्या वायुसेनेकडं यूएच-१एन ह्यूई आहेत, १९७० पासूनची. अण्वस्त्रांच्या क्षेपणास्त्र तळांची राखण त्यांच्यावर. २०१८ मध्ये त्यांच्या जागी एमएच-१३९ घ्यायचा करार झाला. तिथंही लोक म्हणत होते की अजून चालतात की, घाई काय? शेवटी बदलायला घेतलीच. चेतक ज्याची आवृत्ती आहे ते फ्रेंच अलुएत-३ पोर्तुगालनं २०२० मध्ये निवृत्त केलं, खुद्द फ्रेंच नौदलानं २०२२च्या डिसेंबरमध्ये. बनवणाऱ्यांनीच ठेवलं नाही.

चौथा मुद्दा काकांचा लाडका असणार. ‘प्रत्येक पार्ट बदललेला असतो, मशीन म्हातारं होत नाही. आमचा माग चाळीस वर्षं चालतोय.’ काका, तुमचा माग बिघडला की धागा तुटतो, फार तर चादरीचा पन्ना वाया जातो. माग जमिनीवर उभा असतो, हे विसरू नका.

मावसभाऊ एकदा सुट्टीवर आला होता तेव्हा मी विचारलं होतं, रोज नेमकं करतोस काय? त्यानं बोटं पुढं केली. टोकांना बारीक चिरा. हेलिकॉप्टरचा एकेक नट थरथरीनं सैल होऊ नये म्हणून बारीक तार ओवून पिळून बांधतात, ती तार बोटं कापते. मग म्हणाला, गिअरबॉक्सच्या तेलात एक चुंबकाचा प्लग असतो. तो काढून टॉर्चखाली धरायचा. त्यावर चंदेरी चुरा दिसला, तर आत कुठंतरी दात झिजतायत, आणि मशीन तिथंच थांबतं. यातले बरेच भाग तास मोजून बदलतातही, हे खरं. पण सांगाडा, शेपटीचा दांडा, जिथं जिथं धातू वर्षानुवर्षं थरथर सोसतो, तिथली थकावट बाहेरून दिसत नाही. शिवाय सुट्टा भाग बदलायचा तर कुणीतरी तो बनवत असला पाहिजे. जगानं ही मशीनं सोडून दिली की भागही मिळेनासे होतात. मग दोन उभ्या हेलिकॉप्टरांतलं एक सोलून दुसरं उडवायचं. टेक्निशियन लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

सगळी चेतक काही १९६५ची नाहीत, हेही सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी म्हणेल लपवलं. एचएएल ती बनवतच राहिली, नौदलानं २०१७ मध्येसुद्धा आठ नवी मागवली. म्हणजे नग नवा असू शकतो. आराखडा मात्र १९५९ला पहिल्यांदा उडालेल्या मशीनचाच.

‘मग अपग्रेड करा, स्वस्तात होईल.’ इथं मी एकच कागद पुढं करते, तो पुरेसा आहे. कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेचा, वायुसेनेवरचा अहवाल, संसदेत आला सप्टेंबर २०२० मध्ये. विषय चीता नाही, एमआय-१७ आहे, पण गोष्ट नेमकी हीच. एमआय-१७ बदलण्याऐवजी सुधारून घ्यायची असं २००२ मध्ये ठरलं. करार व्हायला २०१७ उजाडलं, इस्रायली कंपनीशी, ९० हेलिकॉप्टरांसाठी. कॅग म्हणतं, प्रस्तावापासून १८ वर्षं झाली तरी काम झालं नाही, मंत्रालयाच्या ढिसाळ निर्णयांमुळं, आणि तोवर ही हेलिकॉप्टरं मर्यादित क्षमतेवर उडत राहिली. अहवाल असंही दाखवतो की सुधारणा पूर्ण होईल तेव्हा त्यातल्या बऱ्याच हेलिकॉप्टरांचं आयुष्य दोन वर्षांहूनही कमी उरलेलं असेल. दोन वर्षांसाठी नवं कॉकपिट! याला स्वस्त म्हणायचं का, ते माग चालवणाऱ्यानंच सांगावं. मोडकळीला आलेल्या मागावर नवी मोटर कोण बसवतं?

दलालीचा मुद्दा. व्हीव्हीआयपी हेलिकॉप्टरांचा ऑगस्टा वेस्टलँड करार २०१४च्या जानेवारीत रद्द झाला, प्रकरण कोर्टात गेलं, हे सगळ्यांना माहीत आहे. संशय घ्यायला जागा आहे. पण चीता-चेतकच्या बाबतीत झालं काय, तर त्यांच्या जागी घ्यायच्या १९७ हेलिकॉप्टरांची निविदा २००७ मध्ये रद्द. पुन्हा काढली, २०१४च्या ऑगस्टमध्ये पुन्हा रद्द. २०१५ मध्ये रशियाशी २०० कामोव्ह हेलिकॉप्टरांचं ठरलं, ते अडकलं. एचएएलचं स्वतःचं हलकं हेलिकॉप्टर २०१६च्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा उडालं, तुमकुरूला कारखानाही उभा राहिला, पण ताफ्याची जागा घेण्याइतकी ती आलेलीच नाहीत. २०२५च्या ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयानं पुन्हा सुमारे २०० हेलिकॉप्टरांसाठी कंपन्यांकडून माहिती मागवली, त्यातली ८० वायुसेनेला. चीता-चेतक आजही उडतात ती कुणी त्यांना उत्तम ठरवून ठेवली म्हणून नव्हे. त्यांच्या जागी काही आणताच आलं नाही, म्हणून. मेसेजवाला ज्याला सोनं म्हणतो, ती वीस वर्षांची फसलेली खरेदी आहे.

उद्या सकाळी सगळी जमिनीवर बसवा, असं मीही म्हणत नाही. तसं केलं तर वरच्या चौक्या उपाशी राहतील. जसजशी नवी येतील तसतशी सगळ्यात कठीण कामावरून जुनी काढायची, हाच रस्ता आहे. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा शेजारी परंडा तालुक्यात घरांच्या छपरांवर अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं उचलली. आपल्याच ग्रुपवर ते व्हिडिओ फिरले, काकांनी त्यावर सलामीचे इमोजी टाकले होते. त्या हेलिकॉप्टरच्या कॉकपिटमध्ये कुणीतरी बसलेलं असतं, एवढं तेव्हा लक्षात आलं असतं तर बरं झालं असतं.

राहिला पाण्याचा मुद्दा. आपल्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं ते वायुसेनेमुळं नाही. उजनी धरण जिल्ह्यातच आहे, जलवाहिनी महापालिकेची आहे, आणि संरक्षणाचा पैसा वाचला तर तो होटगी रोडवरच्या तुमच्या टाकीत येऊन पडत नाही. पाण्याबद्दल भांडायचं असेल तर झोन ऑफिसला चला, मी येते सोबत.