रविवारचा खाडा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कॅलेंडर लटकतं. दूधवाला आला नाही की त्या तारखेच्या चौकोनात बायको ‘खा’ लिहिते. खा म्हणजे खाडा. महिनाअखेर खाडे मोजायचे आणि तेवढे पैसे वजा करायचे. गेल्या वर्षी मार्चच्या शेवटी हिशोब करायला मी पान बघितलं, तर पाच खाडे. पाचही रविवारचे. म्हटलं, हा बाबा दर रविवारी दांडी मारायला लागला की काय! बायकोला विचारलं. ती भाकरी थापत होती. मागे न बघताच म्हणाली, "ते दुधाचे नाहीत. तुझे आहेत."

मी हसलो. ती हसली नाही.

आता थोडं माझ्याबद्दल. मी काही मोठा सायकलिस्ट नाही. २०२० च्या लॉकडाऊननंतर नाशिकमध्ये सायकलींची जी लाट आली, तिच्यात वाहत आलेल्यांपैकी एक. अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, बायको बँकेत आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. सायकल सुरू केली तेव्हा वजन ८८ होतं, आता ७४ आहे. रात्री झोप लागते, ऑफिसातली चिडचिड घरी येत नाही. सायकलने मला काय दिलं हे मी तासभर सांगू शकतो, आणि सांगतोही. माझ्या मेहुण्याला विचारा.

त्यात आपलं गाव असं की इथे सायकलवाल्याला नुसतं सायकल चालवून भागत नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ साली दोघांच्या टीममध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, तेव्हा नाशिकला असलेल्या लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने मारली. सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्याने जाणाऱ्याला मुदत बारा दिवसांची. अशा गावात गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलो हे सांगायलाही लाज वाटते. मग माणूस त्र्यंबकला जातो, मग सापुताऱ्याला, आणि मग कुणीतरी कानात सांगतं, "अरे, एक बीआरएम करून टाक."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बीआरएम म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राइड, शर्यत नाही. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं, पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. चारही एकाच हंगामात केल्या की तुम्ही सुपर रँडोनियर, म्हणजे एसआर. एसआर झालेल्या माणसाची आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर वावरण्याची ऐट वेगळी असते, मी पाहिली आहे. मलाही ती हवी होती.

२०० झाली. गेल्या फेब्रुवारीत ३०० केली. शनिवारी सकाळी सहाला सुटलो, मालेगावच्या पुढे जाऊन परत यायचं होतं. जाताना मजेत गेलो. येताना राहुड घाटात रात्र झाली आणि वारा समोरून. मागून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात माझीच सावली पुढे लांब पसरायची, मग ट्रक बाजूने गेला की गायब. चांदवडला धाब्यावर चहा घेतला तेव्हा हाताची बोटं कप धरत नव्हती. रात्री एक वाजून वीस मिनिटांनी बीआरएमच्या कार्डावर शेवटचा शिक्का घेतला. १९ तास २० मिनिटं. चाळीस मिनिटं शिल्लक ठेवून! आयुष्यात इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

दोनच्या सुमारास घरी पोचलो, लॅच हळूच उघडलं. हॉलमध्ये दिवा चालू. बायको सोफ्यावर बसलेली, मुलगा तिच्या खांद्यावर. खोकल्याने झोपत नव्हता. तिने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." "बरं." एवढंच. मी कार्ड दाखवायला काढलं होतं, ते परत खिशात घातलं.

रविवारी अकराला उठलो. दुपारी मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, तिला घेऊन बायकोच गेली. मी गालिच्यावर पालथा पडलेलो, मुलगा माझ्या पाठीवरून लाल गाडी फिरवत होता आणि मधून मधून विचारत होता, "बाबा, उठलास?" तेवढ्यात परत झोप लागायची.

शुक्रवारी संध्याकाळपासून तर मी तसाही घरात नव्हतोच. ट्यूब, पॉवर बँक, दिवे, राजगिऱ्याचे लाडू मोजणं चाललं होतं आणि नऊला दार लावून झोपलो होतो. म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ, अठ्ठेचाळीस तास. कार्डावर १९ तास २० मिनिटं.

मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. स्ट्राव्हावर, म्हणजे राइड नोंदवायच्या अॅपवर, आपण अभिमानाने दाखवतो तो मूव्हिंग टाइम. चाक फिरलं तेवढाच वेळ मोजायचा. त्र्यंबक जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, मूव्हिंग टाइम अडीच तास. पण पहाटे पाचला निघालेला माणूस घरी येतो साडेदहाला. मधले तीन तास कुठे गेले? सगळे जमेपर्यंत सिग्नलला थांबलो. एकाचं पंक्चर. फोटो. आणि मिसळ. नाशिकचा सायकलवाला रविवारी मिसळ न खाता घरी आला तर बायको ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावेल. मिसळीवर दुसरा तर्रीचा वाटा, त्यावर चहा, त्यावर कोणत्या टायरला ग्रिप चांगली यावर चर्चासत्र.

घर मूव्हिंग टाइम मोजत नाही. घराचं घड्याळ बीआरएमसारखं चालतं. तुम्ही जेवायला थांबा, पंक्चर काढा, धाब्यावर डुलकी घ्या, ते चालूच राहतं. आणि गंमत म्हणजे हा नियम आम्हा लोकांइतका कुणालाच पाठ नाही. कंट्रोल पॉइंट पाच मिनिटांनी चुकला तरी गयावया न करता मान खाली घालणारे आम्ही, घरी मात्र "अगं, अडीच तासच तर चालवली" म्हणून वाद घालतो.

आईकडे तक्रार करायला गेलो तर तिथेही तेच. आई म्हणाली, "तुझे वडील तीस वर्षं सायकलवर सातपूरला गेले. येताना कॅरिअरला दळण असायचं." माझ्या सायकलला कॅरिअर नाही. स्टँडसुद्धा नाही, भिंतीला टेकवून ठेवावी लागते.

एका गोष्टीवर मी बरेच दिवस विचार करतोय, ती म्हणजे आपण निघतो कसे. मी निघताना काय करतो? दोन बाटल्या भरतो, हवा बघतो, हेल्मेट घालतो, दार ओढून घेतो. बायको माहेरी एका दिवसासाठी निघाली तर आदल्या रात्री कणीक मळून फ्रिजमध्ये, भाजी निवडून डब्यात, दोघांचे कपडे खुर्चीवर, औषधाच्या बाटलीवर पेनाने ‘५ एमएल, जेवणानंतर’. म्हणजे ती जाते तेव्हा तिचं काम आधी करून ठेवते, आणि मी जातो तेव्हा माझं कामही तिच्यावर टाकून जातो. दोघांचं ‘बाहेर जाणं’ एकाच मापाने कसं मोजायचं?

एप्रिलमध्ये आम्ही ठरवलं की बँकेला सुट्टी असते तो दुसरा आणि चौथा शनिवार तिचा. सकाळी आठ ते दुपारी दोन. कुठे जायचं ते तिने सांगायचं नाही, मी विचारायचं नाही. आणि कणीक मळून जायचं नाही, ही अट माझी. मला वाटलं मोठं मन दाखवलं. पहिल्या शनिवारी मी तिला चार फोन केले. पिवळी चड्डी कुठे, कुकरची शिट्टी का होत नाही, मुलीला वेणी घालतात की नुसता बो लावला तरी चालतो, आणि चौथा नुसताच, वैतागून. तीन तिने उचलले. चौथा कट केला. शिट्टी होत नव्हती कारण मी रिंगच लावली नव्हती.

दुपारी दोनला ती आली. कुठे गेली होती? मैत्रिणीच्या रिकाम्या फ्लॅटवर जाऊन झोपली होती. पाच तास. मला अजून त्यावर काय बोलावं ते सुचलेलं नाही.

म्हणून मला आता ते ‘फॅमिली सपोर्टशिवाय शक्य नव्हतं’ वालं वाक्य वाचवत नाही. मीही लिहिलंय, ३०० च्या फोटोखाली, तीन हृदयांसकट. सपोर्ट म्हणजे काय, तर कुणीतरी तुमच्या वाटचा रविवार ओढला. आता तिकडे अमेरिकेच्या शर्यतीत मागे क्रूची गाडी असते. कधी खायचं, कधी किती मिनिटं झोपायचं हे क्रू बघतो, आणि क्रूवाचून स्वार काही नाही हे सगळे मान्य करतात. पण तिथे क्रूला आधी विचारतात. आपण घरच्या क्रूला परस्पर भरती करून टाकलेलं असतं, आणि फिनिशला त्याचे आभार मानतो.

आपल्या ग्रुपमध्ये जरा बघा. तीन वर्षांचं मूल घरी ठेवून ३०० मारणारे बाप मोजायला बोटं पुरत नाहीत. तसं मूल घरी असलेली आई किती आहे? मला एक आठवते, आणि तिची सासू घरात आहे. बाकीच्या बायका एक तर मुलं मोठी झालेल्या, नाही तर अजून लग्न न झालेल्या. आवड काय फक्त आपल्यालाच असते का?

यावर काही जण लगेच सांगतात, मुलांनाही सायकलवर घ्या, दोन्ही साधतं. साधत नाही. मुलीला सोळा इंची सायकल घेतली, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकच्या बाजूला घेऊन जातो. दहा मिनिटांत ती वीस वेळा उतरते. परवा मुंग्यांची रांग लागली. एक मुंगी शेवेचा तुकडा ओढत होती, आणि तो तुकडा भिंतीच्या भेगेत जातो की नाही ते बघितल्याशिवाय मॅडम हलणार नव्हत्या. पंधरा मिनिटं. शेवटी गेला. मला ते आवडलं, खरंच आवडलं, पण ते माझं सायकलिंग नाही. तिच्या मुंग्यांच्या वेळेत मी माझा मैलांचा हिशोब बसवायला लागलो की दोन्हीची वाट लागते, एकदा प्रयोग करून बघितला आहे. ती रडली होती.

ट्रेनरही आणला होता, म्हणजे सायकल जागच्या जागी घरात बसून चालवायचं यंत्र. खालच्या मजल्यावरच्या काकांनी पहाटे सव्वापाचला बेल वाजवली. विकला.

आता काय चालू आहे ते थोडक्यात. मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे पावणेपाच ते साडेसहा, धरणापर्यंत. पावणेसातला मी कपडे बदलून डबा भरायला उभा, कारण सात दहाला मुलीची व्हॅन. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट खाली पार्किंगमध्ये घालतो, फरशीवर टकटक झाली की धाकटा उठतो. महिन्यातून एक रविवार लांबचा, तारीख आदल्या महिन्यात ठरलेली, आणि आल्यावर गालिच्यावर पडायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. राहुड घाट परवडला. दीडशे किलोमीटरनंतर मुलाला आंघोळ घालताना पाय थरथरतात. पण तेवढी ताकद पायात उरणार नसेल तर दीडशेच्या जागी शंभर करावेत, असं माझं मत झालं आहे. ग्रुपवर हे बोललो तर एकाने लिहिलं, ‘बायकोला घाबरतोस.’ त्याला दोन मुलं आहेत. त्याच्या बायकोला मी कधी भेटलो नाही, पण तिचं कॅलेंडर बघायला आवडेल.

४०० ची नोंदणी केली होती, गेलो नाही. निकालात नावापुढे डीएनएस लागलं, डिड नॉट स्टार्ट. वाईट वाटलं. अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू? त्या रात्री दोन वाजता जाग आली आणि मनात पहिला विचार आला की आता लोक कुठे पोचले असतील. एसआर या हंगामात नाही, बहुधा पुढच्याही नाही. धाकटा शाळेत रुळेल तेव्हा मी बेचाळीसचा असेन. २७ तासांच्या कटऑफला वयाची सवलत नसते, पण साठीचे काका माझ्यापुढे निघून जाताना मी पाहिलेत, त्यामुळे त्याची काळजी नाही.

तर, येत्या रविवारी माझा लांबचा नंबर नाही. पण कुणी धरणापर्यंत येणार असेल तर मी पाच वाजता गंगापूर रोडला असेन, जुन्याच जागी. पावणेसातला घरी पोचायचंय, त्यामुळे उशिरा येणाऱ्यासाठी थांबणार नाही. मिसळीलाही नाही, आधीच सांगून ठेवतो.