यादीत माझ्या नावापुढची रिकामी जागा

एका उपासना-गटात मी बरीच वर्षं जातोय. गट कुठला, पंथ कुठला ते सांगत नाही. सांगितलं की खाली सगळी हाणामारी त्यावरच होईल.

एका सकाळी गटाच्या व्हॉट्सअॅपवर यादी आली. नव्या सभागृहासाठी कोणी किती दिले. नाव, आकडा, नाव, आकडा. माझ्या नावापुढे शून्यही नव्हतं, नुसतीच रिकामी जागा. खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि 'उरलेल्यांनी लवकर कळवावे'. दहा मिनिटांत मी पैसे पाठवले. रक्कम परवडणारी होती, तक्रार तिची नाही. पण त्याला दान म्हणायला जीभ रेटत नाही. मी ती रिकामी जागा बुजवली, एवढंच.

धर्मसंस्थांनी पैसे मागू नयेत असं मला मुळीच वाटत नाही. छप्पर गळतं, विजेचं बिल येतं, पूर्णवेळ राबणाऱ्याला पोट असतं. 'अध्यात्मात पैसा कशाला आणता?' असं विचारणारे बहुतेकदा न देणारेच असतात (मीही विचारून झालोय). मी हल्ली एकच गोष्ट बघतो: एखाद्याने नाही दिलं, तर ते कुणाला दिसतं का? आणि दिसलं तर पुढे काय होतं?

जर्मनीत चर्चचा कर असतो. प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के रक्कम, तीही सरकारी कर खातं कापून घेतं आणि चर्चला देतं. नको असेल तर रीतसर अर्ज करून सभासदत्व सोडायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार रुक्ष वाटलं. आता वाटतं, निदान आडपडदा नाही. कर आहे, त्याला करच म्हणतात. दर ठरलेला, डोळ्यांत पाणी आणणारं भाषण नाही. अर्थात सोडणाऱ्याला तिथली कॅथलिक चर्च संस्कारही नाकारते, म्हणजे 'नाही'ची किंमत तिथेही आहेच. फक्त ती आधी सांगितलेली असते.

अमेरिकेत जन्मलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथात उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा. वर्षाअखेरीस बिशपसमोर, म्हणजे स्थानिक प्रमुखासमोर, बसून 'पूर्ण दशांश दिला' की नाही हे सांगायचं. पूर्ण दिला नसेल तर मंदिरात जायचा परवाना मिळत नाही, आणि परवाना नसेल तर पोटच्या पोराचं मंदिरातलं लग्नही आईबापाला बघता येत नाही. यात जबरदस्ती कुठे आहे, असं कोणी विचारलं तर बोट ठेवून दाखवता येणार नाही. तरी ते बाहेर थांबलेले आईबाप माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

भीती घालून मागणं तर जुनंच. १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर चिडला तो चर्चने पापाच्या शिक्षेतून सुटकेची पत्रं विकण्यावर. लोकांना सांगितलं होतं, रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी पैसे हवेत. प्रत्यक्षात त्यातला निम्मा वाटा माइन्झच्या आर्चबिशपने फुगर सावकारांकडून काढलेलं कर्ज फेडायला जात होता. १९८७ मध्ये अमेरिकेतले टीव्ही-प्रवचनकार ओरल रॉबर्ट्स यांनी जाहीर केलं, ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला बोलावून घेईल. जमले. हसू येतं, पण पाठवणाऱ्यांत पेन्शनीवर जगणाऱ्या म्हाताऱ्या किती असतील हा विचार आला की ओसरतं.

जपानची गोष्ट तर हसण्यासारखी नाहीच. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंजो आबेंना गोळ्या घालणाऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्च नावाच्या पंथाला सुमारे दहा कोटी येन दिले होते आणि दिवाळखोर झाली होती. खुनाचं समर्थन कोणी करणार नाही. पण त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या संसदेने कायदा केला: अरिष्टाची भीती घालून देणगी मागायची नाही, देणगीसाठी कर्ज काढायला किंवा राहतं घर विकायला सांगायचं नाही. म्हणजे तोवर देणग्यांसाठी असा खास कायदाच नव्हता!

उलट बाजूही आहे. इस्लाममधल्या जकातीत, म्हणजे सक्तीच्या दानात, संपत्तीचा अडीच टक्के हा दर ठरलेला, किमान मर्यादेखालच्याला माफी, आणि पैसा कुणाकुणाला द्यायचा ते आठ प्रकार कुराणातच सांगितलेले. गोएंका गुरुजींच्या परंपरेतल्या विपश्यना केंद्रांत किमान एक दहा दिवसांचं शिबिर पुरं केल्याशिवाय तुमची देणगी घेतच नाहीत. आधी चव घ्या, मग बघा. मला हा नियम फार आवडतो.

यादी टाकणाऱ्या काकांना मी नंतर एकटं गाठून विचारलं, साधी बंद पेटी का नाही ठेवली? ते रागावले नाहीत. म्हणाले, "ठेवली होती रे दोन वर्षं. तेवढ्यात पायासुद्धा भरला नसता."

ते खोटं बोलत नव्हते. सभागृह झालं, छान झालंय, हवाही खेळती आहे. दारातल्या संगमरवरी पाटीवर माझंही नाव आहे, खालून चौथं. आत जाताना मी तिकडे बघत नाही.