चाळीस लाखांत बसवलेले आप्पा

2024 च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या तालुक्यातील एका उमेदवाराचा खर्च लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. तेव्हापासून ‘आपण काही ललित लिहिता का’ असे कोणी विचारले की मला खोकला येतो. मी कर सल्लागार असलो तरी जळगाव जिल्ह्याच्या रिवाजाप्रमाणे गाव मला ‘वकीलसाहेब’ म्हणते. कापसाच्या व्यापाऱ्यांची पुस्तके लिहिण्यात हयात गेल्यामुळे खर्च फुगवून दाखवण्याची विनंती मला परिचयाची आहे. परंतु झालेला खर्च झालाच नाही असे दाखवा म्हणून हात जोडणारे अशील मला आप्पांच्या रूपाने प्रथमच लाभले.

निवडणूक आयोगाची खर्चाची नोंदवही मोठी देखणी असते. दैनंदिन खर्चाची पाने पांढरी, रोखीची गुलाबी आणि बँकेची पिवळी. 2022 पासून आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा आहे, आणि तेवढ्यात हल्ली मुलीचे लग्नसुद्धा धड होत नाही, असे आप्पांचे मत आहे. सुदैवाने त्या 40 लाखांत काय धरायचे नाही, याबाबत कायदा पुष्कळ उदार आहे.

हिशेब उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचाच मागितला जातो. त्यामुळे श्रावणात कानबाईच्या उत्सवानिमित्त वाटलेल्या साड्या आणि भाद्रपदात गणेश मंडळांना दिलेल्या वर्गण्या ही आप्पांची निखळ भक्ती ठरली. अर्जाआधी छापलेले साहित्य नंतर वापरले तर मात्र खर्चात धरावे लागते. त्यामुळे गोदामातील उपरण्यांचे गठ्ठे कधीचे, या प्रश्नावर आप्पांचे दोन पुतणे आठवडाभर निरनिराळी उत्तरे देत राहिले.

याहून मोठी सोय पक्षाची. पक्षाच्या खर्चाला मुळी मर्यादाच नाही. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरावा असा निकाल दिला होता, तेव्हा सरकारने तातडीने अध्यादेश काढून तो निष्प्रभ केला. एरवी आमच्या गावच्या रस्त्याला मंजुरी मिळायला किती काळ लागतो, ते पाहता ही चपळाई मला विलक्षण वाटते. मान्यताप्राप्त पक्षाच्या 40 स्टार प्रचारकांचा प्रवासखर्चही आता उमेदवाराच्या माथी येत नाही. मात्र उमेदवार त्यांच्यासोबत मंचावर बसला, किंवा त्याचे नाव वा छायाचित्र सभेत झळकले, तर सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्या नावे पडतो.

म्हणून हेलिकॉप्टरने आलेले नेते बाजार समितीच्या पटांगणात गर्जत असताना आमचे आप्पा मंडपाबाहेर रसवंतीच्या बाकावर, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसले होते. नेत्यांनी ‘तुमच्या लाडक्या उमेदवाराला’ प्रचंड मतांनी विजयी करण्याचे आवाहन केले, नाव घेतले नाही. आप्पांनी मात्र बसल्या जागी हात जोडले. शेजारी रस पिणाऱ्या गृहस्थाने तो नमस्कार स्वीकारला.

माझी खरी परीक्षा भरिताने घेतली. ऐन प्रचारात एका मळ्यात काड्यांच्या जाळावर पोत्यांनी वांगी भाजली गेली आणि केळीच्या पानांवर कळण्याच्या पुऱ्यांच्या पंगती उठल्या. निवडणूक यंत्रणेच्या पथकाने त्याचे साग्रसंगीत चित्रीकरण केले. यजमान कागदोपत्री आप्पांचे मेहुणे होते आणि निमित्त त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाचे. नातू पुण्यात होता. मी आप्पांना जेवणावळीच्या बिलाविषयी विचारले, तेव्हा ते कळवळून म्हणाले, “वकीलसाहेब, मानसे भरीत खावाले उनात; त्यान्हा काय हिशोब ऱ्हास का?” (माणसे भरीत खायला आली; त्याचा काय हिशेब असतो का?) खर्च निरीक्षकांचे मत निराळे निघाले. त्यांच्याकडे स्वतंत्र समांतर नोंदवही असते आणि जिल्हा प्रशासनाने चहापासून खुर्चीपर्यंत ठरवलेले दरपत्रक असते. माझी पांढरी पाने आणि त्यांची पाने शेजारी ठेवून पडताळली, तेव्हा त्यांच्या आप्पांना माझ्या आप्पांपेक्षा भूक फार होती.

रोखीचेही तसेच. निवडणुकीच्या काळात एका व्यक्तीला एकूण 10 हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. त्यामुळे वडापाववाल्याच्या बिलांवर आधी त्याचे, मग भावाचे, मग मेहुण्याचे आणि शेवटी सासूचे नाव आले. त्या माउलीने आयुष्यात वडा तळला नसावा, पण गुलाबी पानावर तिचा अंगठा ठसठशीत आहे. गाड्यांची चिंता नव्हती. एका अपक्षाच्या नावे परवानगी घेतलेल्या जीपगाड्या दिवसभर आप्पांचेच गाणे वाजवीत हिंडत होत्या. तो अपक्ष स्वतः मात्र मोटरसायकलवर, आप्पांच्या पेट्रोलने हिंडत होता.

आप्पा निवडून आले की पडले, हे सांगण्याची गरज नाही, कारण हिशेब दोघांनाही निकालानंतर 30 दिवसांत द्यावाच लागतो आणि न दिल्यास 3 वर्षांच्या अपात्रतेची टांगती तलवार असते. मी रात्री जागून जुळणी केली, पावत्या चिकटवल्या आणि भरिताच्या रकमेवर निरीक्षकांशी तडजोड करून बेरीज मर्यादेच्या पुष्कळ अलीकडे थांबवली. मग हळूच माझ्या फीचा विषय काढला.

आप्पा विचारात पडले. “ही रक्कम आत घेतली तर आकडा उगाच वाढेल,” ते म्हणाले. “आपण असे करू, तुमची फी अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशीच दिली होती, असे समजू.”

पावतीवर सही करताना मी विचारले, की मग पैसे कधी मिळाले, असे समजायचे?

“पक्षाला विचारून सांगतो,” आप्पा म्हणाले.