मेणबत्ती विझली नाही म्हणून विहिरीत उतरू नका

"जुनी विहीर एका दिवसात जिवंत करा" असा एक मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. सहा मुद्दे आणि शेवटी "उपयुक्त माहिती, पुढे पाठवा". असले मेसेज मी एरवी वाचत नाही. पण हा माझ्या मामांनी वाचला. त्यांच्या परसात पंचवीसेक फूट खोल विहीर आहे. ती कित्येक वर्षं वापरात नाही आणि तिचं पाणी बागेला घ्यायचं त्यांनी मनावर घेतलंय. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, "दोर आणलाय, मेणबत्ती आहे. मी उतरतो, तू फक्त वर उभा राहा." मामा एकसष्ट वर्षांचे आहेत. म्हणून हे लिहितोय, आणि रागातच लिहितोय.

आधी दुसरा मुद्दा घेतो, कारण जीव त्यातच जाणार आहे. "पेटती मेणबत्ती डब्यात ठेवून खाली सोडा. विझली नाही तर हवा शुद्ध आहे, बिनधास्त उतरा."

यातलं अर्धं खरं आहे, ते देऊन टाकतो. मेणबत्ती विझली तर उतरायचं नाही, हे बरोबर. पण विझली नाही म्हणजे हवा चांगली, हे साफ खोटं. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की ती जागा काम करायला धोक्याची मानतात. ज्योत मात्र साधारण १६ टक्क्यांपर्यंत जळत राहते. आणि हे झालं नुसत्या ऑक्सिजनचं. तळाशी पालापाचोळा आणि मेलेले जीव कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. हवेत तो हजारात एक भाग झाला तरी माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. मेणबत्तीला त्याचा पत्ताही लागत नाही. नाकाच्या भरवशावरही राहू नका. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. शिवाय मिथेन साठला असेल आणि तो हवेत ५ ते १५ टक्के असेल, तर पेटती मेणबत्ती सोडणं म्हणजे आपल्या हाताने स्फोट करणं.

त्यात मेणबत्ती सोडता तेव्हा गाळ शांत बसलेला असतो. पडलेला पोहरा काढायचा जुना गळ मामांच्या माळ्यावर होता. तो दोराला बांधून मी वरूनच तळाला सोडला आणि चार-पाच वेळा ओढला. आधी काहीच झालं नाही. मग पाण्यात काळा ढग वर चढला आणि बुडबुडे फुटायला लागले, आधी गळाजवळ, मग पार भिंतीच्या कडेपर्यंत. गळ थांबवला तरी ते थांबेनात. हा गाळात अडकलेला वायू. आत उतरून माणूस फावडं मारतो तेव्हा हाच त्याच्या तोंडाशी येतो, आणि तोवर मेणबत्तीची परीक्षा पास होऊन गेलेली असते.

"अरे, आम्ही लहानपणी शंभरदा उतरलोय," हे मामांचं पालुपद. उतरला असाल. पण हवेचा दाब उतरला की आजूबाजूच्या जमिनीतली, ऑक्सिजन कमी झालेली हवा विहिरीत ओढली जाते. काल ज्या विहिरीतून माणूस सुखरूप वर आला, तीच आज जीव घेऊ शकते.

आणि "तू फक्त वर उभा राहा" याबद्दल. कामाच्या जागी होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास करणारी 'नायॉश' ही अमेरिकेची सरकारी संस्था आहे. बंदिस्त जागांतल्या मृत्यूंबद्दल तिने १९८६ साली एक इशारापत्रक काढलं. त्यातली एक गोष्ट मी मामांना दोनदा वाचून दाखवली: अशा मृतांमध्ये ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. खाली आपलं माणूस पडलेलं दिसतं, हाकेला ओ देत नाही, आणि वरचा उडी घेतो. रविवारी तो वरचा मी होतो.

तिसरा मुद्दा म्हणे, "आदल्या रात्री चुना टाका, विषारी वायू शोषला जातो." चुना कार्बन डायऑक्साइड शोषतो, हे शाळेत चुन्याची निवळी दुधाळ होताना सगळ्यांनी पाहिलंय. पण गेलेला ऑक्सिजन चुना कुठून आणणार?

पंपाचा मुद्दाही असाच घातक. "पाणी खोल असेल तर पेट्रोल पंप आत कपारीवर ठेवा." ही कल्पना कुठून येते ते कळतं. वर ठेवलेला पंप व्यवहारात सातेक मीटरपलीकडून पाणी ओढत नाही, मग लोक पंपच खाली नेतात. पण इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, आणि विहिरीतून तो निघून जायला वाट नाही. पाण्यात बुडणारा विजेचा पंप दोराने सोडा, त्याच्या लाइनवर गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवा, आणि पंप चालू असताना पाण्याला कुणी हात लावू नये.

"एका दमात पूर्ण उपसा" असंही लिहिलंय. गाळ काढला की झरे मोकळे होतात आणि पाणी वाढू शकतं, हे मला मान्य आहे. पण विहिरीतलं पाणी जुन्या बांधकामाला आतून टेकू देत असतं. पावसाळा संपता संपता बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असते. अशा वेळी आतलं पाणी झपाट्याने काढलं तर बाहेरचा दाब भिंत आत ढकलतो, आणि सुट्या दगडांचं बांधकाम ढासळतं. उन्हाळ्याच्या अखेरीला, टप्प्याटप्प्याने, भिंतीकडे लक्ष ठेवून उपसा करावा.

बाकीचे मुद्दे भराभर संपवतो. बेडूक-मासे जिवंत आहेत म्हणजे पाणी शुद्ध, हे खरं नाही. पोट बिघडवणारे जंतू माशांना काही करत नाहीत, आणि कच्चा खायचा पाला त्याच पाण्यावर वाढवणार असाल तर तपासणी करून घ्या. खारटपणाही तपासा, खारट पाण्याने माती हळूहळू बिघडते. ब्लीचिंग पावडर जंतू मारते, नायट्रेट आणि क्षार जसेच्या तसे राहतात. ती टाकल्यावरचं पहिलं पाणी झाडांना घालू नका.

आणि "झाकण काढा, ऊन पाणी शुद्ध करतं"? उन्हाने शेवाळ वाढतं, आणि उघड्या विहिरीत मूल पडतं.

गाळ वरूनच काढता येतो, गाळ ओढणारा पंप मिळतो. उतरावंच लागलं तर ते काम रोज करणाऱ्यांचं. वायू मोजायचं यंत्र दोराने वर, मध्ये आणि तळाशी सोडून आधी मोजायचं, काम चालू असतानाही मोजत राहायचं. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत हवा, उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा हवा, आणि वर तिपाईला लावलेली कप्पी, म्हणजे खाली न उतरता त्याला ओढून घेता येईल.

मामा अजून माझ्यावर नाराज आहेत. विहिरीवर लोखंडी जाळी टाकून तिला कुलूप लावलंय. दोर मी माझ्या घरी घेऊन आलोय.