सर्व्हेवाला दारात आला तर काय करावे? सुज्ञ मतदारांसाठी काही सूचना

निवडणूक लागली की दोन प्रकारची माणसं बेल वाजवतात. एक हात जोडून येतो, दुसरा टॅबलेट घेऊन. पहिल्याचं काय करायचं ते आपल्याला पिढ्यानपिढ्या माहीत आहे, पत्रक घ्यायचं, "हो हो, आपलंच आहे सगळं" म्हणायचं आणि दार लावायचं. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र आपण अजून कच्चे आहोत, हे गेल्या रविवारी, २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात, माझ्या लक्षात आलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

सगळ्यात आधी, आडनाव तयार ठेवा. मत नसलं तरी चालतं. माझ्याकडे आलेला पोरगा चार मजले चढून आला होता (लिफ्ट बंद आहे, कधीपासून ते विचारू नका), गळ्यात कार्ड, शर्ट घामाने चिकटलेला. पहिला प्रश्न, आडनाव काय. मी सांगितलं. त्याने जातीचा रकाना उघडला आणि मला न विचारता स्वतःच टिक करून टाकली. मी म्हटलं, अरे विचार तरी. तर म्हणतो, "काका, आडनावावरून कळतं." बरं, टिक चुकीची होती! आमचं आडनाव चार वेगवेगळ्या समाजांत सापडतं. मी म्हटलं जाऊ दे, राहू दे तशीच. आता कुठल्यातरी चॅनलवर टाय लावलेला माणूस भलत्याच समाजाचा 'कल' म्हणून मला पेश करणार आणि चार प्रवक्ते माझ्या नाराजीवर तासभर भांडणार. करमणूक होईल.

मुद्दा विचारला तर एकच सांगा. रस्ते, पाणी, महागाई, बेरोजगारी यातलं एकच. मी पाणी आणि रस्ते दोन्ही म्हणालो तर टॅबलेट पुढेच जाईना. "काका, एकच घ्या ना, अजून खूप फॉर्म बाकी आहेत." त्याला फॉर्ममागे पैसे मिळतात, तोच म्हणाला. मग मी पाणी ठेवलं, रस्ते सोडले. तुमच्या घरीही अशी चर्चा करून आधीच ठरवून ठेवा की या टर्मला तहान ठेवायची की खड्डे.

शेजाऱ्यांना दार उघडं ठेवून ऐकू द्या, गुप्त मतदान ही जुनी पद्धत आहे.

"लाडकी बहीण योजनेचे पैसे घरात आले का?" या प्रश्नावर बायकोकडे बघू नका. ती स्वतः उत्तर देते. आमच्याकडे तिने दिलं, "पंधराशे आले, आता युतीवाले एकवीसशे म्हणतात, आघाडीवाले तीन हजार म्हणतात, थोडं थांबलं तर अजून वाढतील का?" पोरगा हसला, पण या उत्तरासाठी त्याच्याकडे रकाना नव्हता.

खरं सांगण्याचा हट्ट धरू नका. २०२४ च्या लोकसभेला या मंडळींनी भाजप आघाडीचा आकडा चारशेच्या आसपास नेऊन ठेवला होता, निघाले २९३. हरियाणात काँग्रेसचं मंत्रिमंडळ बसवून झालं होतं, मोजायला घेतलं तर ९० पैकी ४८ भाजपचे. तेव्हा तुम्ही खरं सांगा नाहीतर खोटं, त्यांच्या ग्राफला फरक पडत नाही.

आता महत्त्वाचा प्रश्न, "मुख्यमंत्री म्हणून तुमची पसंती कोणाला?" इथे यादी येते. नावं मोठमोठी, शेवटी 'सांगता येत नाही'. गंमत बघा, महायुती असो की महाविकास आघाडी, या निवडणुकीत दोघांनीही चेहरा जाहीर केलेला नव्हता. उद्धवराव ठाकऱ्यांनी ऑगस्टमध्ये आघाडीच्या जाहीर मेळाव्यात सांगितलं की बाबांनो नाव जाहीर करा, मी पाठिंबा देतो, तरी मित्रपक्ष गप्प. म्हणजे ज्यांना खुर्ची द्यायची त्यांचं आपापसात ठरत नव्हतं आणि मला विचारत होते, तेही दारात उभं राहून. माझी पसंती घेऊन करणार काय? २८८ मधले १४५ गोळा करील तो मुख्यमंत्री, आणि ते कसे गोळा होतात हे आपण पाच वर्षं फुकटात बघितलंय. २०१९ च्या एकाच विधानसभेत आपल्याला तीन मुख्यमंत्री मिळाले, एक पहाटे येऊन चार दिवसांत गेले, दुसरे फेसबुक लाइव्हवर गेले, तिसरे सुरत, गुवाहाटी, गोवा करून आले. उपमुख्यमंत्री मात्र तिघांच्याही हाताखाली तेच, अजितदादा. मी २०१९ ला ज्या चिन्हावर मत दिलं तो माणूस निवडून आला तेव्हा वेगळ्या आघाडीत होता, मग वेगळ्या सरकारात गेला, आता पोस्टरवर वेगळ्याच फोटोंच्या रांगेत उभा आहे, आणि हा पोरगा मला विचारतो, "गेल्या वेळी कोणाला मत दिलं होतं?" अरे बाळा, मी कोणाला दिलं ते सांगतो, पण ते कोणाला गेलं ते तू सांग! बोटावरची शाई पुसायच्या आत मत दुसरीकडे नांदायला जातं, आणि वर आम्हालाच 'निष्ठावान की फ्लोटिंग' असा प्रश्न. मी जागचा हललेलो नाही, त्याच बूथवर त्याच शाळेच्या त्याच खोलीत मत देतो, फ्लोटिंग कोण आहे ते सगळ्या महाराष्ट्राने विमानाच्या खिडकीतून बघितलंय. आणि आमचे चुलतभाऊ! जून २०२२ मध्ये यांनी फॅमिली ग्रुपवर माझ्याशी भांडून ग्रुप सोडला, का तर मी 'त्यांचा' आहे. २०२३ च्या जूनअखेरीस भोपाळच्या भाषणातला सत्तर हजार कोटींचा आरोप पंतप्रधानांच्या आवाजात फॉरवर्ड केला, खाली आगीच्या चार इमोजी. पाच दिवसांनी ज्यांच्या राष्ट्रवादी पक्षावर आरोप त्या अजितदादांचाच शपथविधी झाला, यांच्याच सरकारात. मला वाटलं आता तरी फोन येईल. आला ना. म्हणाले, "राजकारणात काही गोष्टी कराव्या लागतात, मोठं चित्र बघ." नेता बदलला, सोबती बदलले, चिन्हं बदलली, घड्याळ एकाकडे आणि तुतारी दुसऱ्याकडे, धनुष्य इकडे आणि मशाल तिकडे, पण यांचा माझ्यावरचा राग तसाच ताजा आहे. दिवाळीला फराळसुद्धा आला नाही. आणि हे एकट्या आमच्या घरात नाही. गावाकडे तर आता दुकानात शिरण्याआधी पाटीवरचं आडनाव वाचतात म्हणे, कोणाकडून खत घ्यायचं आणि कोणाकडून नाही. टॅबलेटवाल्या पोराला दोष काय द्यायचा, त्याने तर नुसती टिक केली.

फोनवरचा सर्व्हे आला तर कुठलंही बटण दाबा, तो पुन्हा येतोच.

"जवळच्या नगरसेवकाच्या कामावर समाधानी आहात का?" असा प्रश्न कोणी विचारलाच, तर माझा सलाम सांगा. पण विचारणार नाहीत. या निवडणुकीच्या वेळी मुंबईत मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, कल्याण-डोंबिवलीत २०२० पासून. दोन-दोन, चार-चार वर्षं प्रशासक बसले होते, नळाला पाणी किती वाजता येणार हे विचारायला निवडून आलेला एक माणूस वॉर्डात नव्हता, आणि आपण सोसायटीच्या गच्चीवर बसून 'राज्यात कोणाची हवा आहे' यावर दीड-दीड तास बोलत होतो. माझ्या विंगमध्ये तेरा-चौदा बिऱ्हाडं टँकरचे पैसे भरतात. गेल्या आठवड्यात उमेदवार पदयात्रेत आमच्या गेटशी आले, ढोल, फुलं, ओवाळणी सगळं झालं. सगळ्यांनी सेल्फी घेतले. टँकरचं नाव कोणी काढलं? सेक्रेटरींनी तर शाल घातली. का, तर "आपल्या समाजाचा माणूस आहे."

हे बरोबर नाही. आता उपरोध बिपरोध राहू द्या. सर्व्हेवाले आडनाव विचारतात कारण तुम्ही आडनावावर मत देता हे त्यांना कळलंय, उमेदवार पाण्यावर बोलत नाही कारण तुम्ही त्याला विचारत नाही, आणि तो पाच वर्षांत तीनदा उडी मारतो कारण प्रत्येक उडीनंतर तुम्ही त्याच्या वतीने ग्रुपवर भांडायला हजर असता. दोन सभांतल्या घोषणा पाठ आहेत तुम्हाला, 'बटेंगे तो कटेंगे' आणि 'एक हैं तो सेफ हैं', पण आपल्या आमदाराने विधानसभेत पाच वर्षांत आपल्या भागाचा एक तरी प्रश्न मांडला का, हे सांगता येईल? बघितलंय कधी? मागितलाय हिशोब? आणि येत्या २० नोव्हेंबरला, मतदानाच्या दिवशी, काय करणार आहात? आयोगाने या वेळी मुद्दाम बुधवार निवडला, कारण शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाली की शहरवाले पळतात, मुख्य निवडणूक आयुक्तांनीच सांगितलं हे पत्रकारांसमोर. लाज वाटली नाही आपल्याला. लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये सत्तर टक्क्यांच्या वर मतदान झालं, रानावनातून चालत येऊन. दक्षिण मुंबईत आणि कल्याणमध्ये जेमतेम पन्नास, जिथे बूथ चालत दहा मिनिटांवर आहे. आमच्याच बिल्डिंगमधल्या दोघांनी मंगळवार आणि गुरुवारची रजा टाकलीय, मला कालच कळलं, अलिबागचं बुकिंग झालंय. जा, खुशाल जा. फक्त २३ तारखेला निकाल लागला की ग्रुपवर "या राज्यातल्या लोकांना अक्कलच नाही" असं टाकू नका, निदान समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो डिलीट करेपर्यंत तरी.