एक्झिट 10 ते 14सी

दोन मिनिटांच्या गाण्यावर पाऊण तास भांडता येतं. न्यू जर्सी टर्नपाइक नावाच्या टोलच्या हायवेवर सकाळच्या गर्दीत मी हे रोज ऐकतो. एडिसनहून मॅनहॅटनला एकाच गाडीतून जायचं ठरलं तेव्हा गॅस, टोल आणि पार्किंगची वाटणी सेंटापर्यंत चोख झाली होती. गाण्यांचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. गाडी माझी, स्टिअरिंग माझ्या हातात, पण गाणी लावायचा फोन मेव्हण्याच्या हातात. आणि मागच्या सीटवर नागपूरकर.

मेव्हणा सांगलीचा. हे दोघं पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एका खोलीत राहिले आणि तिथेच दोघांना रामोन्स नावाच्या बँडची लागण झाली. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, ग्रीन कार्डाच्या रांगेत नंबर लागले, पण ही लागण काही उतरली नाही.

ज्यांना माहीत नसेल (तुम्ही सुखी आहात) त्यांच्यासाठी सांगतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्स भागातल्या चार पोरांनी 1974 साली हा पंक रॉकचा बँड काढला. जोई गायला, जॉनी गिटारला, डी डी आणि टॉमी. चौघांचंही आडनाव रामोन, आणि एकाचंही दुसऱ्याशी नातं नाही. बीटल्सच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पॉल मॅकार्टनीनं ‘पॉल रामोन’ असं टोपणनाव घेतलं होतं, त्यावरून हे उचललेलं. लेदर जॅकेट, फाटकी जीन्स, डोळ्यांवर आलेले केस. 1976 साली पहिला अल्बम आला. चौदा गाणी, एकूण एकोणतीस मिनिटं. सरळ वाजू दिला तर टर्नपाइकच्या गर्दीतही नेवार्क विमानतळाच्या आसपास तो संपायला हरकत नाही. पण सरळ वाजू देतो कोण? गाणं संपलं की मेव्हणा पॉज दाबतो, मागे वळतो आणि म्हणतो, “आता बोल.”

नागपूरकर बोलतो. तो जॉनीच्या गटातला. त्याच्या मते जॉनीचा उजवा हात फक्त वरून खाली चालायचा, कधी खालून वर नाही, आणि रामोन्स म्हणजे तो हात. टॉमी ड्रमवर होता तोवरचे अल्बम खरे, बाकीचा सगळा पसारा. 1980 सालच्या अल्बमसाठी फिल स्पेक्टर नावाच्या बड्या निर्मात्यानं यांना हाताशी धरलं आणि जॉनीला एकच कॉर्ड तासन्‌तास वाजवायला लावला, हा किस्सा सांगताना त्याचा गळा दाटून येतो. मी एकदा म्हटलं, आमच्याकडे याला रियाज म्हणतात. त्यावर एक्झिट 12 ते 13 गाडीत शांतता होती. माझ्या बोलण्याचा एवढा परिणाम घरी कधी होत नाही.

मेव्हणा डी डीचा भक्त. डी डी बास गिटार वाजवायचा आणि स्टेजवर प्रत्येक गाण्याआधी ‘वन-टू-थ्री-फोर’ असं ओरडायचा. “त्या आकड्यांचा आणि पुढच्या गाण्याच्या लयीचा काही संबंध असते का बे?” असं नागपूरकर विचारतो. “नसू दे. पण गाणी कुणी लिहिली?” असं मेव्हणा विचारतो. बरीचशी डी डीनंच लिहिली, हे नागपूरकरालाही नाकारता येत नाही. मग तो हुकमाचं पान काढतो.

“आणि ते रॅप कुणी केलं?”

हे आमच्या गाडीतलं सर्वांत दुखरं ठिकाण. 1989 साली या डी डीनं ‘डी डी किंग’ असं नाव घेऊन अख्खा रॅपचा अल्बम काढला. ‘स्टँडिंग इन द स्पॉटलाइट’. ज्या बँडमध्ये जॉनीच्या शिस्तीपुढे जॅकेटसुद्धा बदलायची सोय नव्हती, तिथला माणूस एकदम ट्रॅकसूट आणि गळ्यात जाड साखळी घालून उभा राहिला. त्याच वर्षी त्यानं बँडही सोडला. मी हा अल्बम पूर्ण ऐकलाय. म्हणजे मॅनहॅटनला नेणाऱ्या हॉलंड टनेलच्या तोंडाशी गाडी अडकली होती, दार उघडून उतरणं कायद्यात बसत नव्हतं, म्हणून ऐकलाय. एका गाण्यात उकडलेल्या बटाट्यांच्या लगद्याच्या नावाचा नाच आहे आणि मागे चक्क ब्लाँडी बँडची डेबी हॅरी गाते आहे. दुसऱ्या एका गाण्यात आपली आई जर्मन असल्याचं हा पठ्ठ्या तालासुरात सांगतो. तालात जरा कमी.

“भजनी मंडळातल्या तबलजीनं ऑर्केस्ट्रा काढावा तसं करून ठेवलं यानं,” नागपूरकर म्हणाला.

“हिंमत लागते त्याला. आणि त्यातलं ‘द क्रशर’ 1995 साली खुद्द रामोन्सनी परत केलं, त्याचं काय?”

“शेवटच्या अल्बममध्ये घेतलं. ते घेतलं म्हणूनच शेवटचा झाला तो.”

“दाजी, तुम्ही सांगा,” मेव्हणा म्हणाला.

हे ‘तुम्ही सांगा’ फार वाईट. मेव्हण्याच्या बाजूनं बोललो तर नागपूरकर त्या महिन्याचा टोल उशिरा देतो. नागपूरकराच्या बाजूनं बोललो तर संध्याकाळी घरी पोहोचायच्या आत बहिणीला फोन गेलेला असतो. मी आरसा नीट करतो. आमच्या गाडीइतका नीट केलेला आरसा अख्ख्या टर्नपाइकवर नसेल.

शनिवारीसुद्धा सुटका नाही. मला एकदा हे दोघं मॅनहॅटनमधल्या बावरी रस्त्यावर घेऊन गेले. तिथे सीबीजीबी नावाचा क्लब होता, जिथे रामोन्स वाजवू लागले. या आद्याक्षरांचा अर्थ कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज, म्हणजे जे तिथे गाजलं ते पंक सोडून सगळं. 2006 साली क्लब बंद पडला आणि पुढे तिथे पुरुषांच्या कपड्यांचं उंची दुकान आलं. जवळच ईस्ट सेकंड स्ट्रीटच्या कोपऱ्याला ‘जोई रामोन प्लेस’ अशी पाटी आहे. ती चाहते इतक्या वेळा चोरून न्यायचे, की शेवटी शहरानं ती वीस फूट उंचीवर नेऊन ठोकली. या दोघांना पाटीसकट फोटो हवा होता. पाटी आली तर हे दोघं मुंग्यांएवढे, हे दोघं आले तर नुसता खांब. मी फुटपाथवर जवळजवळ आडवा झालो होतो आणि वर या दोघांचं, पाटी जोईच्या नावाची का, डी डीच्या नावाची का नाही, हे चालू होतं.

मग एका सोमवारी नागपूरकर बोलून गेला, “रॅपचं सोड, त्याले बास तरी कुठं वाजवता येत होता?” मेव्हण्यानं फोन खिशात टाकला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. तो थेट बोलायचाच बंद झाला.

जोई आणि जॉनीचंही असंच होतं म्हणे. जोईची मैत्रीण लिंडा पुढे जॉनीची बायको झाली आणि त्यानंतर ते दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी जवळपास बोलले नाहीत. 1996 पर्यंत एकूण 2,263 कार्यक्रम केले या बँडनं, आणि त्यातले कितीतरी असे अबोल्यात. एका व्हॅनमधून गावोगाव, कुणी कुणाशी बोलत नाही. सगळे चाहते हे ऐकून हळहळतात. मला त्या व्हॅनच्या ड्रायव्हरचा हेवा वाटतो.

आमच्या गाडीतही निरोप माझ्यामार्फत जायला लागले. “दाजी, त्याला सांगा, पाय सीटला लावू नको.” “दाजी, त्याले म्हणा, सीट पुढं घे.” मी इकडचं तिकडे करत होतो, आणि मधला वेळ माझा होता. संधी साधून मी भीमसेन जोशींचा अभंग लावला. आधी रिफायनरीच्या टाक्या, मग विमानं, समोर ट्रकांची रांग, आणि पंडितजींनी वरचा षड्ज लावलेला. सात मिनिटं मी टर्नपाइकवर नव्हतोच.

अभंग संपला. बऱ्याच वेळानं मेव्हणा म्हणाला, “छान आहे, पण केवढा मोठा! एवढ्यात रामोन्सची तीन गाणी झाली असती.”

मागून आवाज आला, “चार.”

“तीन.”

“पहिल्या अल्बममधली धरून राहिलो मी. तू नंतरची लांबलचक धरून राहिला.”

“नंतरची म्हणजे कुठली?” मेव्हण्यानं फोन बाहेर काढला आणि सीटबेल्ट सैल करून मागे वळला. “आता बोल.”