मानपान, रोमच्या दरबारी

नोकरीनिमित्त तुर्कस्तानात इझमीरला राहतो. हे जुनं स्मिर्ना, तासाभरावर एफेसस. दोन्ही ग्रीक शहरं, दोघांच्या डोक्यावर रोमचं राज्य, आणि दोघांचं एकमेकांशी वाकडं. भांडण कशावरून, तर आशिया नावाच्या रोमन प्रांतात (आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) पहिला मान कुणाचा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एफेससने थेट सम्राट अँटोनायनस पायसकडे गाऱ्हाणं नेलं: स्मिर्नाने ठरावात आमच्या पदव्या गाळल्या! सम्राटाचं उत्तर दगडावर कोरलेलं सापडलंय. चुकून राहिलं असेल, पुढे ते नीट लिहितील. मात्र तुम्हीही त्यांना लिहिताना त्यांचा मान ठेवा, असा त्याचा सूर. लग्नपत्रिकेत नाव राहिलं म्हणून फुगून बसलेल्या मामाची समजूत काढावी, तसा. प्रुसा शहराचा ग्रीक वक्ता डायो तर निकोमेडिया शहराच्या लोकांना तोंडावर सांगत होता, शेजारच्या नायकिया शहराशी तुमची ही जी पदव्यांची भांडणं चालतात, त्यांना रोमन लोक ‘ग्रीकांचे दोष’ म्हणून हसतात.

आमच्या घरच्या ग्रुपवर 3 ऑक्टोबर 2024 ला पेढ्यांचे फोटो आले होते. मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पुढे सूर बदलला. तमिळला 2004 मध्येच दिला, आपल्याला वीस वर्षं ताटकळत ठेवलं. आणि दिला तोही बंगालीच्या जोडीने! दिल्ली म्हणजे रोम नव्हे, तिथलं सरकार आपणच निवडतो, हे मान्य. दर्जाने निधी येतो, तसं रोमच्या पदवीनेही शहरात सम्राटाचं देऊळ आणि खेळांचे उत्सव यायचे. पण ही तक्रार वाचली की मला एफेससचा तो दगड आठवतो.

त्यापेक्षा इथल्याच दक्षिणेकडच्या लिशिया प्रदेशातल्या डोंगरांत ओइनोआंडा नावाचं लहानसं गाव होतं, ते पाहावं. तिथल्या गायस ज्युलियस डेमोस्थेनिसने (नावातच रोम आणि ग्रीस दोन्ही) स्वतःच्या पैशाने दर चार वर्षांनी भरणारा कलास्पर्धांचा उत्सव सुरू केला. साल साधारण 124. परवानगी सम्राट हेड्रियनची, आणि उत्सवप्रमुखाच्या सोन्याच्या मुकुटावर हेड्रियन आणि ग्रीक देव अपोलो शेजारीशेजारी. वरचा हात कुणाचा, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. पण बक्षिसांची यादी बघा: वीणेसारखं वाद्य वाजवत गाणाऱ्याला 300 दिनार, शोकांतिकेला 250, विनोदी नाटकाला 200. गद्यातल्या स्तुतिपर भाषणाला फक्त 75! गर्दी आवरायला पांढऱ्या कपड्यांतली 20 माणसं, हातात ढाल आणि चाबूक. चाबूक लागावा इतकी गर्दी कवितेला आणि नाटकाला होईल, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. ग्रीकपण टिकलं ते इथे, असं माझं मत.

पुण्यात 2022 मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी त्या तोडीची एकांकिकाच नाही म्हणत करंडक कुणालाच दिला नाही. त्यावरची वादावादी मी इथून मिटक्या मारत वाचली. पोरांवर अन्याय झाला, असं मला अजूनही वाटतं. पण भांडण होतं ते एकांकिका कशी असावी यावर, आणि त्यात दिल्लीला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.